रंगीत धूर कधी पेटवायचा?

प्रश्न: जंगलात वाट चुकलो तर धुराचा सिग्नल द्यायचा म्हणतात, पण कुठला रंग आणि नेमका कधी?

उत्तर: नारिंगीच घ्या, समुद्रावर तर संकटाची खूण म्हणून तो जगभर ठरलेलाच आहे आणि हिरव्या झाडीतही उठून दिसतो. पण घाबरून लगेच पेटवू नका हो, हातात धरायची धुराची नळकांडी साधारण मिनिटभरच चालते, म्हणून विमान किंवा हेलिकॉप्टर जवळ आलं की मगच, तेही मोकळ्या जागी, वारा पाठीवर घेऊन, हात लांब धरून. दाट झाडीत धूर फांद्यांतच अडकतो, जोराच्या वाऱ्यात जमिनीलगत पसरून जातो. रात्री टॉर्चच बरा. आणि सुकं गवत आधी बाजूला करा, नळकांडी चांगलीच तापते. नसेलच तर शेकोटीवर ओला पाला टाका, पांढरा दाट धूर येतो.