फक्त मार्करना (नकाशावर जागा दाखवणाऱ्या खुणांना) ऑल्ट टेक्स्ट दिला की अंध व्यक्तींना नकाशा वापरता येईल का?

ऑल्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, द्याच, पण तेवढ्यानं भागणार नाही.

मी नकाशांच्या वेबसाइटचं फ्रंटएंड करते. नवा नकाशा हातात आला की माउस बाजूला ठेवायचा, एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करायचा आणि टॅब दाबत जायचं. लीफलेट या वेबनकाशांच्या कोड-लायब्ररीनं केलेल्या नकाशात ऑल्ट दिला नसेल तर कानावर पडतं, "मार्कर, मार्कर, मार्कर". आता समजा, तुम्ही प्रत्येक मार्करला दवाखान्याचं नाव दिलंत. दोनशे दवाखाने असले तर दोनशे वेळा टॅब दाबा, आणि एवढं करूनही आपल्याला जवळचा कोणता ते कळत नाहीच! नकाशा उघडणाऱ्याला तर तेवढंच विचारायचं असतं: जवळ काय आहे, किती लांब, आत्ता उघडं आहे का.

म्हणून नकाशाशेजारी तीच माहिती यादीत द्या, अंतरानुसार लावलेली. शोध बदलला की यादी आणि नकाशा एकाच डेटावरून बदलू द्या. 'अंधांसाठी वेगळं पान' मात्र करू नका. तसली पानं कोणी अपडेट करत नाही, आणि चुकीच्या माहितीवर विसंबून माणूस बंद दारापर्यंत जातो. शिवाय यादीचा उपयोग सगळ्यांनाच होतो.

तुम्ही अंध वापरकर्त्यांबद्दल विचारलंत, पण हात थरथरणाऱ्या माणसाला नकाशा ओढून सरकवणं तितकंच अवघड असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे वेबसाइट अपंग व्यक्तींनाही वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीत, यासाठी नियम आहे: जे ओढून होतं ते न ओढता, साध्या क्लिकनंही झालं पाहिजे. कीबोर्डचे बाण चालतात म्हणून हा नियम पाळला असं होत नाही. चारी दिशांची बटणं द्या. फोनवर दोन बोटांनी झूम होतं म्हणून अधिक-उणेची बटणं काढून टाकणारे डिझायनर भेटतात, त्यांच्याशी मी दरवेळी भांडते. 'उघडं' हिरवं आणि 'बंद' लाल, एवढ्यावर थांबू नका, रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी चिन्हाचा आकारही बदला.

आणि रस्ता दाखवणार असाल तर डेटाही तपासा. स्क्रीन रीडरला सगळं नीट वाचता आलं, पण मार्ग जिन्यावरून गेला, तर व्हीलचेअरवरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात पायऱ्या, चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, फुटपाथची कड किती उंच, हे सगळं नोंदवता येतं, आणि ओपनराउटसर्व्हिस ही मार्ग शोधणारी सेवा व्हीलचेअरसाठी वेगळा मार्ग काढून देते. मात्र बऱ्याच ठिकाणी या नोंदीच नसतात. तिथे 'माहिती नाही' असं स्पष्ट लिहा. व्हीलमॅप या, व्हीलचेअरनं कुठे जाता येतं ते दाखवणाऱ्या नकाशावर अशा जागा करड्या रंगात वेगळ्या दिसतात. रिकाम्या नोंदीचा अर्थ 'जाता येतं' असा धरणारा कोड तुमच्याकडे असेल, तर आधी तो दुरुस्त करा.