भाड्याचा संगणक : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : मी जावामध्ये बॅकएंडचं काम करते. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन) डेटाबेस आणि दोन-तीन सर्व्हिस एकदम चालू केल्या की तो गुदमरतो. साठ हजारांचा नवा लॅपटॉप घ्यावा की क्लाउडवर मशीन (कंपनीच्या डेटा सेंटरमधला, इंटरनेटवरून वापरायचा संगणक) भाड्याने घ्यावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्हीच्या आधी मॉडेल नंबरवरून रॅमची खाच रिकामी आहे का ते पाहा. असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन आणखी ८ जीबीची पट्टी बसवून घ्या, बहुधा प्रश्न तिथेच मिटेल. जाण्याआधी डीडीआर४ लागते की डीडीआर५ हे बघून ठेवा, कारण एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे मात्र इलाज नाही.

मग भाड्याचा हिशेब करा. ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅमचं मशीन घेऊ. खरा दर क्लाउड कंपनीच्या कॅल्क्युलेटरमध्ये मुंबई निवडून मिळेल. इथे हिशेबापुरते ताशी १५ रुपये आणि १०० जीबी डिस्कचे महिना ८०० रुपये धरू. महिन्याला २२ दिवस, रोज सहा तास म्हणजे १३२ तास, १,९८० रुपये. डिस्क धरून २,७८०, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की साधारण ३,२८०. साठ हजार संपायला दीड वर्ष लागेल. तेच मशीन रात्रंदिवस चालू राहिलं तर महिन्याचे ७३० तास होतात आणि बिल १३,८०० च्या पुढे जातं. साठ हजार सव्वाचार महिन्यांत साफ!

चार-सहा महिन्यांचं काम असेल किंवा जड बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणं) अधूनमधूनच लागत असेल, तर भाडं परवडतं. रोज आठ-दहा तास, वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर सरळ विकत घ्या.

मशीन निवडताना एक फसगत होते. व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रोसेसरचा अख्खा कोअर नसून त्याचा एक थ्रेड (कामाचा एक धागा) असतो. शिवाय एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) स्वस्त 'टी३' मशीन्स सतत पूर्ण वेगाने धावण्यासाठी नाहीत. टी३-एक्सलार्जमध्ये प्रत्येक व्हीसीपीयूमागे सरासरी ४० टक्क्यांपर्यंतचा वापर दरात धरलेला असतो. त्यापुढे, कमी वापराच्या वेळी साठवलेलं क्रेडिट खर्च होतं, आणि ते संपलं की मूळ सेटिंगनुसार वेग कमी होत नाही, बिल वाढतं. तासन् तास कंपाइल करायचं असेल तर 'एम' मालिकेतलं मशीन घ्या.

प्रश्न : काम झालं की मी मशीन बंद करतो. तरी महिन्याअखेर बिल येतंच. का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बंद कसं करता त्यावर आहे. अझूरमध्ये (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) लिनक्सच्या आतून शटडाउन दिलं तर मशीन थांबतं, पण तुमच्यासाठी राखून ठेवलेलंच राहतं. रिक्षा उभी करून ठेवली तरी वेटिंग पडतं, तसं. पोर्टलवरून स्टॉप करा आणि स्थितीत 'डीअलोकेटेड' (म्हणजे राखीव जागा सोडली) दिसतंय ना, ते बघा. एडब्ल्यूएसमध्ये आतून बंद केलं तरी ताशी भाडं थांबतं. डिस्कचं भाडं मात्र दोन्हीकडे चालूच राहतं. कायमचा आयपी (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) घेतला असेल तर तोही फुकट नाही : एडब्ल्यूएस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर लावते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडे जास्त. मशीन डिलीट केल्यावर मागे राहिलेल्या जादा डिस्क आणि स्नॅपशॉटही (डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रती) तपासा.

रात्री आपोआप बंद व्हावं म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणारी लिनक्सची सोय) वेळ टाकणारे आणखी एका ठिकाणी अडकतात. या मशीनचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतं. २३ वाजता असं लिहिलंत तर मुंबईत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. रात्री साडेअकरा हवे असतील तर १८:०० लिहा. अझूरवाल्यांनी क्रॉनच्या नादी न लागता पोर्टलमधलं ऑटो-शटडाउन लावावं, ते मशीन डीअलोकेट करतं. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो नुसता मेल पाठवतो, तोही काही तास उशिरा. मशीन तो आपणहून थांबवत नाही.

प्रश्न : कल्याण–सीएसएमटी प्रवासात फोनच्या हॉटस्पॉटवर काम करतो. वाटेत रेंज गेली की चालू बिल्ड मरतं. घरून तर कधीकधी लॉगिनच होत नाही.
– एक वाचक, कल्याण

उत्तर : एसएसएच (दूरच्या मशीनशी जोडणारं सुरक्षित कनेक्शन) तुटलं की त्या टर्मिनलमधला प्रोग्रामही जातो. लॉगिन होताच 'टीमक्स' (tmux, कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल जिवंत ठेवणारं साधन) चालू करा आणि बिल्ड त्यातच सोडा. रेंज परत आली की पुन्हा लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' द्या, बिल्ड चालूच दिसेल.

घरून अडतं त्याचं कारण बहुधा फायरवॉल. एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट (मशीनचं दार) तुम्ही फक्त 'माझा आयपी' एवढ्यालाच उघडलं असणार, आणि घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर पुन्हा सुरू झाला की बदलू शकतो. वैतागून ०.०.०.०/०, म्हणजे साऱ्या जगाला खुलं, करू नका. तसं केलंत की पासवर्ड चाचपणारे बॉट लगेच दारात येतात. पासवर्ड-लॉगिन बंद करून फक्त एसएसएच-की (लॉगिनची किल्ली-फाइल) ठेवा, किंवा टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क वापरा, म्हणजे पोर्ट उघडावंच लागत नाही.

मशीन मुंबई रीजनमध्येच (कंपनीच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये) आहे ना, तेही पाहून घ्या. अमेरिकेतलं स्वस्त दिसलं म्हणून घेतलं, तर प्रत्येक अक्षर जाऊन यायला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि टाइप करताना जीव जातो.

प्रश्न : अँड्रॉइड आणि आयफोनचं अ‍ॅप भाड्याच्या मशीनवर करता येईल का?
– एक विद्यार्थी, पनवेल

उत्तर : अँड्रॉइडचं बिल्ड होईल. एम्युलेटर (संगणकावर चालणारा नकली फोन) मात्र बऱ्याच मशीनवर रखडतो, कारण त्याला वेगासाठी लागणारं केव्हीएम (मशीनच्या आत मशीन चालवण्याची लिनक्सची सोय) तिथे मिळत नाही. तयार झालेली एपीके (अ‍ॅपची फाइल) खऱ्या फोनवर टाकून बघा. नुसतं शिकण्यासाठी गिटहब कोडस्पेसेस (ब्राउझरमधून वापरायचं गिटहबचं मशीन) पुरेल : वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत असतात, दोन कोअरचं मशीन घेतलं तर ६० तास. आयफोनसाठी मॅकच लागतो. एडब्ल्यूएसवर तो मिळतो, पण अ‍ॅपलच्या परवान्यामुळे किमान २४ तासांसाठीच. दोन तास वापरून सोडून दिला तरी बिल २४ तासांचं.