सोयराबाईंवर लिहायला घेताय तर

ताई, संत चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाईंवर कादंबरी लिहायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आधी त्यांचे अभंग रोज मोठ्याने वाचा, चरित्रं नंतर. अभंगात त्या स्वतःला ‘चोख्याची महारी’ म्हणवतात. त्यात सल किती आणि ताठ मान किती, हे कानाला कळेपर्यंत पहिलं प्रकरण लिहू नका.

मग काळ. चौदाव्या शतकातल्या मंगळवेढ्यात ज्वारीची भाकरी, कांदा, मीठ चालेल. मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याचा कूट नको. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतरचे.

1338 साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेव अस्थी शोधायला आले, तेव्हा त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं, अशी श्रद्धा आहे. इथे नवे लेखक एकतर खुलासा देतात, नाहीतर प्रकाशाचे झोत सोडतात. दोन्ही टाळा. सोयराबाईंना काय ऐकू आलं तेवढंच लिहा.

तुमची वारी इथेच उपयोगी पडेल. पाय सुजल्यावरही नाम तोंडात कसं टिकतं, ते त्यांना द्या; तुमची आजची मतं मात्र त्यांच्या तोंडी घालू नका. खर्डा झाला की एखाद्या जाणत्या कीर्तनकारांना वाचून दाखवा.