‘एक्स्क्विझिट कॉर्प्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा : अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनातून कला शोधणाऱ्या) चित्रकारांच्या ‘एक्स्क्विझिट कॉर्प्स’ या खेळाला ‘उत्कृष्ट प्रेत’ म्हटलं तर चालेल का?

मला नाही चालणार. मूळ फ्रेंच नाव ‘कादाव्र एक्स्की’. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये ही मंडळी कागदावर एकेक शब्द लिहून, घडी घालून पुढच्याला देत. त्यातून निघालेल्या एका वाक्याचा अर्थ, ‘लज्जतदार कलेवर नवीन वाइन पिईल’. खेळाचं नाव त्यावरूनच पडलं. पुढे शब्दांच्या जागी शरीर आलं. एकानं डोकं काढायचं, दुसऱ्यानं धड, तिसऱ्यानं पाय; घडीबाहेर फक्त रेघांची टोकं दिसायची. तांगी, मिरो, मोरीझ आणि मॅन रे या चौघांनी १९२६-२७ मध्ये काढलेली अशी एक नग्नाकृती न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे.

आता शब्द. ‘प्रेत’ म्हणजे प्र + इत, पुढे निघून गेलेला; शिवाय मराठी कानाला त्यामागून तिरडी दिसते. ‘शव’ पंचनाम्यातलं. ‘मुडदा’ म्हटलं की आजीची शिवी आठवते. ‘कलेवर’ मात्र मजेदार आहे. मराठीत आपण ते निष्प्राण देहालाच म्हणतो, पण संस्कृतात तो नुसता देह, जिवंतसुद्धा. पुरीच्या जगन्नाथाच्या जुन्या मूर्तीऐवजी नवी घडवतात, तो सोहळा ‘नवकलेवर’. वाइन प्यायला बसणाऱ्या देहाला हाच शब्द शोभतो.

‘एक्स्की’ फ्रेंच माणूस घास तोंडात गेल्यावरही म्हणतो, म्हणून ‘लज्जतदार’. ‘उत्कृष्ट’ला प्रशस्तिपत्रकाचा वास येतो.

‘लज्जतदार’चा आणखी एक फायदा खेळायला बसल्यावर कळला. मराठीत विशेषण आधी येतं आणि पुढचा कोणतं नाम लिहिणार ते ठाऊक नसतं. आमच्याकडे कुणीतरी ‘कोवळी’ लिहिलं, खाली निघाला ‘हवालदार’! तेव्हा लिंगाप्रमाणे न बदलणारी विशेषणंच घ्यावीत : लज्जतदार, नवीन, उदास. क्रियापद भविष्यकाळी ठेवावं. ‘पिईल’ तो, ती, ते तिघांनाही चालतं, ‘प्यायला’ लिहिलंत की अडकलात.

एका मैत्रिणीनं खेळाला ‘एक ना धड’ असं नाव सुचवलं. कोटी झकास आहे, पण पुढच्या ‘भाराभर चिंध्या’ ऐकणारा मनातल्या मनात पुऱ्या करतो आणि ती तक्रार होते. चित्राखाली मी ‘लज्जतदार कलेवर’च लिहीन. घरी खेळायला बसताना खुशाल ‘एक ना धड’ म्हणा.