जुन्या व्ही-६ मस्टँगची ताकद कमी खर्चात किती वाढते?

तुम्ही विचारलंय की डॅलसला शिकताना २००७ ची मस्टँग सेकंडहँड घेतली आहे, ४ लिटरचं व्ही-६ इंजिन, मॅन्युअल गिअर. हजारेक डॉलरमध्ये हॉर्सपॉवर किती वाढवता येईल?

मी याच पिढीची मस्टँग वापरली आहे आणि तिची बरीचशी कामं घरासमोर जॅक लावून स्वतः केली आहेत. त्यामुळे सरळ सांगतो. एवढ्या पैशात कागदावरची हॉर्सपॉवर दहा-पंधरानेच वाढेल. पिकअप मात्र त्याच्या कितीतरी पट सुधारू शकतो, आणि रोज चालवताना तुम्हाला हवा आहे तो पिकअपच.

नवं असताना हे इंजिन ५३०० आरपीएमला २१० हॉर्सपॉवर आणि ३५०० ला २४० पौंड-फूट टॉर्क द्यायचं. टर्बो नाही, म्हणजे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच आत जाणार आणि तेवढंच पेट्रोल जळणार. बीएमडब्ल्यूच्या टर्बो सिक्स-सिलिंडर गाड्यांत नुसत्या ट्यूनने (म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलून) पन्नास-साठ हॉर्सपॉवर वाढल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिथे ते खरं आहे, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला की जास्त हवा कोंबता येते. आपल्या इंजिनाला ती सोयच नाही.

पैसे खर्च करायच्या आधी एक काम फुकटात करा. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी बॉनेट उघडून चालू करा आणि कान द्या. या इंजिनाच्या टायमिंग चेनचे प्लास्टिक गाइड वयानुसार तुटतात आणि मग पुढून किंवा मागून खडखड ऐकू येते. उजव्या बाजूच्या तीन सिलिंडरची चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिथे हात पोचवायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीत तुमचं बजेट संपून वर आणखी पैसे लागतील. खडखड असेल तर पॉवरचा विचार सध्या बाजूला ठेवा. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊन इंजिनच जाऊ शकतं.

आवाज स्वच्छ असेल तर पुढचा मुद्दा: इतक्या वर्षांच्या गाडीत आज २१० हॉर्सपॉवर शिल्लक नसते. गेलेली ताकद परत मिळवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा वीस-तीस डॉलरचा ओबीडी रीडर घ्या आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. तो अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा ओढतंय, किंवा हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळलाय, किंवा पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करा, दुसरं काही मारू नका. त्यातली तार केसाइतकी नाजूक असते. प्लग जुने असतील तर सहाही बदला. पेट्रोलचा फिल्टर आधीच्या मालकाने बदललाय याचा पुरावा नसेल तर तोही बदला. आणि खालच्या रेसला गाडी ठीक वाटते पण चार हजारच्या वर दम लागल्यासारखी होते, असं असेल तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून तुंबलाय का ते तपासून घ्या. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायलाही विसरू नका. ब्रेकचा कॅलिपर धरून बसला असेल तर इंजिनाची ताकद तिथेच खर्च होते.

आता खरी गंमत, म्हणजे मागचा डिफरन्शियल. तुमच्या गाडीत ३.३१ चा क्राउन-पिनियन आहे, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ३.३१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. तो काढून ३.७३ चा टाकला तर प्रत्येक गिअरमध्ये चाकांवर येणारा टॉर्क जवळजवळ १३ टक्क्यांनी वाढतो. ४.१० चा टाकला तर २४ टक्क्यांनी. हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही, पण सिग्नलवरून निघताना आणि हायवेच्या रॅम्पवर गाडी वेगळीच वाटते. माझ्या मते या मस्टँगवर खर्च केलेल्या डॉलरला याहून जास्त मोबदला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. बदल्यात हायवेवर इंजिन जास्त फिरेल: पूर्वी २००० आरपीएम असायचे तिथे ३.७३ ने सुमारे २२५० होतील आणि अ‍ॅव्हरेज थोडं उतरेल. रोज कॉलेजला जायचं असेल तर ३.७३ वरच थांबा. हे काम मात्र स्वतः करू नका. दातांमधली फट शिमने (पातळ चकत्यांनी) अचूक बसवावी लागते; चुकली तर डिफरन्शियल ओरडतो आणि पुढे दात जातात. दुसरा मार्ग भंगारच्या यार्डातला: २००५ ते २०१० च्या मस्टँग जीटीचा, म्हणजे व्ही-८ इंजिनाच्या मस्टँगचा, ८.८ इंची अ‍ॅक्सल मिळाला तर तो तुमच्या ७.५ इंचीपेक्षा मजबूत असतो आणि त्याच जागी बसतो.

रेशो बदलला की स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो. तो दुरुस्त करायला हँडहेल्ड ट्यूनर लागतो, साधारण चारशे डॉलरचा, आणि तोच तुमची हॉर्सपॉवरही वाढवेल. कंपनीने हे इंजिन ८७ ऑक्टेनवर चालेल असं सेट केलंय. ९३ ची ट्यून टाकली की ठिणगी थोडी आधी पडते आणि चाकांवर दहाच्या आसपास हॉर्सपॉवर मिळते. टेक्सासमध्ये ९३ सहज मिळतं. कॅलिफोर्नियात ९१ वरच थांबावं लागतं. (भारतातल्या पंपावर पूर्वी मिळणाऱ्या ९१ शी याची तुलना करू नका. तिथला आकडा आरओएन पद्धतीचा असतो, अमेरिकेतला दोन पद्धतींची सरासरी. आपलं ते ९१ म्हणजे इथलं जवळपास ८७.) ९३ च्या ट्यूनवर ८७ भरलं तर टेक्सासच्या उन्हात इंजिन नॉकिंग करेल, म्हणजे ठोके देईल, तेव्हा महिन्याच्या पेट्रोलचा हिशोब आधी करा. आणखी एक लक्षात घ्या: या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे ट्यूननंतर जी तडफ जाणवते तिच्यातला बराच भाग पॅडलला लवकर प्रतिसाद मिळण्याचा असतो. चालवायला ते छानच वाटतं, पण ती हॉर्सपॉवर नव्हे.

कोल्ड एअर इनटेक, म्हणजे थंड हवा ओढणारी मोठी नळी, ट्यूनशिवाय लावू नका. सेन्सरभोवतीच्या नळीचा व्यास बदलला की हवेचं मोजमाप चुकतं. ड्युअल एक्झॉस्टने आवाज सुंदर होतो, ताकद नगण्य वाढते. हेडर्सने (इंजिनालगतच्या एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्यांनी) थोडी वाढते, पण खर्च बजेटबाहेर जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाका असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे, आणि डॅलस परिसरात धुराची चाचणीही द्यावी लागते.

ऑनलाइन मिळणाऱ्या वीस-तीस डॉलरच्या ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणजे बहुतेकदा एक साधा रेझिस्टर असतो. हवा थंड आहे असं तो संगणकाला खोटं सांगतो, म्हणून पेट्रोल थोडं जास्त जातं, आणि ऑक्सिजन सेन्सर थोड्या वेळात पेट्रोल पुन्हा जागेवर आणतो. इलेक्ट्रिक पंख्याचे ‘सुपरचार्जर’ तसेच. तुमचं ४ लिटरचं इंजिन ५३०० आरपीएमला मिनिटाला सुमारे दहा हजार लिटर हवा ओढतं. छोटा पंखा तिथे दाब निर्माण करणं दूरच, उलट वाटेत अडथळा होतो.

फुकटचा उपाय हवा असेल तर डिकी रिकामी करा. गाडी साधारण ३३०० पौंडांची आहे. शंभर पौंड कमी केलेत तर वेग पकडताना सहा-सात हॉर्सपॉवर वाढवल्यासारखंच आहे.

एवढं करून आणखी भूक राहिली तर खरा सुपरचार्जर या गाडीवर बसवू नका. त्याला गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो आणि चेनवर भार पडतो तो वेगळाच. ही विका आणि २०११ ते २०१४ मधली ३.७ लिटरची व्ही-६ मस्टँग बघा. तिला कारखान्यातूनच ३०५ हॉर्सपॉवर आहे, जी २००७ च्या व्ही-८ जीटीच्या ३०० पेक्षाही जास्त. मॅन्युअल घेत असाल तर गिअरबॉक्स थंड असताना चालवून बघा, दुसरा गिअर अडतोय का ते कळेल. या ३.७ लिटरच्या इंजिनाचा पाण्याचा पंप आत असतो आणि फुटला की इंजिन जातं असं वाचून घाबरू नका. ती गोष्ट याच कुटुंबातली इंजिनं आडवी बसवलेल्या फोर्डच्या गाड्यांची आहे. मस्टँगमध्ये पंप बाहेर आहे, गळला तर दिसतो आणि सहज बदलता येतो.