वाचक विचारतात : डाकोटाचं इंजिन आणि खालच्या सिलिंडरमधलं तेल

प्रश्न : नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या टपालाची डाकोटा विमानं उतरत. इंजिन सुरू करण्याआधी माणसं पंखा हाताने फिरवायची, असं घरातली म्हातारी मंडळी सांगतात. सेल्फ नव्हता का? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : सेल्फ होता. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात येत आणि थैल्या बदलून परतत. डाकोटाला प्रॅट अँड व्हिटनीची दोन ट्विन वास्प, म्हणजे आर-१८३० इंजिनं. सात-सात सिलिंडरच्या दोन ओळी एकामागे एक, क्षमता ३० लिटर, उड्डाणाला १२०० अश्वशक्ती.

सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे (अशा इंजिनाला रेडियल म्हणतात), त्यामुळे खालचे उलटे लटकलेले. इंजिन उभं राहिलं की तेल रिंगांमधून झिरपून त्यांच्यात उतरतं. हवा दबते, तेल दबत नाही. तसाच सेल्फ मारला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि रॉड वाकतो. कधी तो लगेच तुटत नाही, पुढे हवेत तुटतो. खरी भीती ती.

म्हणून ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच बंद, मिक्श्चर (इंधनाची वाट) बंद, चाकांना ठोकळे, आणि पंखा त्याच्या नेहमीच्याच दिशेने, पाती मोजत फिरवायचा. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) १६ फेऱ्यांना पंख्याचे ९ होतात. चौदाही सिलिंडर एकदा दाबावर यायला क्रँकचे दोन फेरे, म्हणजे पंख्याचा एक फेरा आणि वर थोडं. तीन पात्यांच्या पंख्याची चार पाती ही किमान झाली. मोजणारे त्याहून जास्तच मोजत.

हाताला फरक कळतो. कॉम्प्रेशन रबरासारखं दबून सुटतं. तेल असलं की पंखा भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. तिथे जोर लावायचा नाही. उलटाही फिरवायचा नाही : उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून तेल पाइपात जातं, आणि इंजिन सुरू होताच पुन्हा आत ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढा (प्रत्येकाला दोन असतात), तेल डब्यात गळू द्या, मग पुन्हा मोजा. स्विच बंद आहे म्हणून पात्याच्या फेऱ्यात उभं राहू नये. स्विच मॅग्नेटोला अर्थला जोडून थांबवतो, ती तार तुटली असेल तर मॅग्नेटो जिवंतच असतो. सुरुवातीचा निळा-पांढरा धूर मात्र घाबरण्यासारखा नाही, ते उरलेलं तेल जळतं.

प्रश्न : एका ओळीत ७ किंवा ९ असे विषमच सिलिंडर का? (एक वाचक, पुसद)

उत्तर : चार स्ट्रोकमध्ये एक सोडून एक सिलिंडर पेटतो : १-३-५-७-२-४-६. दोन फेऱ्यांत सगळे होतात. सहा असते तर १-३-५ नंतर परत १ वरच आलो असतो.

प्रश्न : नागपूरच्या मे महिन्यात हवेवर थंड होणारं इंजिन टिकायचं कसं? आणि असं इंजिन फवारणीला किंवा विहिरीवर चालेल का? (एक वाचक, वरुड)

उत्तर : सिलिंडर हेडची मर्यादा उड्डाणाला २६० अंश सेल्सिअस. त्यापुढे बाहेरचे ४५ कमीच, पण ती हवा फिनांमधून (सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांमधून) गेली पाहिजे. त्यासाठी सिलिंडरांमध्ये पत्रे वाकवून बसवतात. एक पत्रा सैल झाला की हवा सोपी वाट धरते आणि मागच्या ओळीचा सिलिंडर तापतो. पऱ्हाटीच्या हंगामात एअर-कूल्ड डिझेल इंजिनाच्या फिनांत कापसाचे तंतू आणि धूळ बसली की हेच होतं. विमान जमिनीवर असताना काउल फ्लॅप (इंजिनाच्या आवरणाच्या झडपा) उघडे आणि तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. उन्हात उगाच उभं चालवायचं नाही.

फवारणीला रेडियल खूप चालले. अमेरिकी अ‍ॅग-कॅट विमानाला प्रॅट अँड व्हिटनीचीच लहान नऊ सिलिंडरची इंजिनं असत. शर्मन रणगाड्यातही नऊ सिलिंडरचं आर-९७५ होतं, पण तिथे वारा द्यायला वेगळा पंखा. विहिरीवर नको. ट्विन वास्प एकटं साध्या उड्डाणात ताशी १७० लिटरच्या आसपास विमानाचं पेट्रोल पितं, आणि तुमच्या पंपाला लागतात पाच अश्वशक्ती.