वाचक विचारतात: सरकारी आरोग्य योजनेत बसणारा हाडाचा डॉक्टर कुठे शोधायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी बार्शीचा. आई 72 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, खाली बसणं कधीच बंद झालंय आणि आता रात्री पाय ठणकतो म्हणून झोपही नाही. इथल्या हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत, खर्च साडेतीन लाख. आमचं केशरी रेशनकार्ड आहे, आईचं आयुष्मान कार्डपण काढलंय, पण डॉक्टर म्हणाले मी योजना घेत नाही. सोलापुरात दोन ठिकाणी फोन केला तर एकजण म्हणाला योजना आहे पण गुडघ्याला नाही, दुसरा म्हणाला पेशंट घेऊन या मग बघू. असं किती ठिकाणी आईला घेऊन फिरायचं? योजना घेणारा चांगला ऑर्थो डॉक्टर मिळेल का?

उत्तर: दादा, मिळेल, पण आधी डॉक्टर आणि मग योजना असं शोधत गेलात की हेच होतं. योजना डॉक्टरला नसते, हॉस्पिटलला असते, आणि हॉस्पिटललासुद्धा सरसकट नसते, एकेका विभागाला असते. म्हणजे बाहेर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भलामोठा बोर्ड असेल, आत हार्टची आणि किडनीची कामं योजनेतून होत असतील आणि हाडाचा विभाग त्यात नसेल, असं सर्रास असतं. त्यातही हाडांची ऑपरेशनं हा एक विभाग आणि अपघातातल्या जखमांचा पॉलीट्रॉमा हा वेगळा विभाग. त्यामुळे तुम्हाला फोनवर जो म्हणाला ना की योजना आहे पण गुडघ्याला नाही, तो बहुतेक खरंच बोलत होता. दुसऱ्याचा मात्र मला राग आला, 72 वर्षांच्या बाईला जिना चढवून मग बघू म्हणणं हे काय उत्तर झालं?

आता गुडघ्याचं. योजनेतली काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव ठेवलेली असतात, प्रायव्हेटमध्ये ती योजनेतून होतच नाहीत, मग डॉक्टर कितीही चांगला असो. म्हणून फोन केला की योजना आहे का असं विचारूच नका, त्याला हो म्हणायला काय जातंय. असं विचारा की हाडांचा विभाग योजनेत आहे का, पूर्ण गुडघाबदल तुमच्याकडे योजनेतून होतो का की तो सरकारीला राखीव आहे, आणि हे ऑपरेशन करणारे सर आठवड्यात कुठल्या वारी बसतात. आणि हे रिसेप्शनवरच्या मुलीला नाही, आरोग्यमित्राला विचारायचं, म्हणजे योजनेचं काम बघायला हॉस्पिटलमध्ये बसवलेल्या माणसाला. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुतेक दारातून आत शिरल्या शिरल्या. फोन उचलला की आरोग्यमित्राला द्या एवढंच म्हणायचं. तिथे दाद लागली नाही तर 155388 वर लावा, हा योजनेचा टोल फ्री नंबर आहे, आणि जिल्हा आणि विभाग सांगून नावं विचारा. केंद्राच्या आयुष्मान योजनेचा नंबर 14555. योजनेच्या वेबसाइटवरही जिल्हा आणि विभाग टाकून यादी निघते, पण यादीत नाव दिसलं म्हणून लगेच गाडी करून निघू नका, आधी फोन.

तुमच्या बाबतीत मी सरळ सोलापूरच्या सिव्हिलपासून सुरुवात करेन. लोक नाक मुरडतात ते मला माहितीये, पण तिथे मेडिकल कॉलेज आहे, हाडांचा पूर्ण विभाग आहे, आणि राखीवची भानगड तिथे आडवी येत नाही. पुण्याकडे नातेवाईक असतील तर ससून, स्टेशनजवळच आहे. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात, ज्या युनिटचा केसपेपर निघाला त्याच वारी पुढच्या वेळी जायचं, नाहीतर अख्खा दिवस बाकड्यावर जातो. गुडघाबदल इमर्जन्सी नसल्यामुळे तारीख पुढची मिळते, त्याची तयारी ठेवा. तोवर ओपीडीतल्या गोळ्या, तपासण्या वगैरेचा खर्च योजनेत धरत नाहीत, योजना ॲडमिट झाल्यावरची.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही एकदा मोकळेपणाने विचारा की सर, तुम्ही योजनेतल्या कुठल्या हॉस्पिटलला ऑपरेशन करायला जाता का. जिल्ह्याच्या ठिकाणचे कितीतरी सर्जन स्वतःच्या दवाखान्यात योजना घेत नाहीत आणि दुसऱ्या हॉस्पिटलला जाऊन तीच ऑपरेशनं योजनेतून करतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, छोट्या दवाखान्याला योजनेच्या पॅनेलवर येण्याच्या अटी झेपत नाहीत, आणि पॅकेजचे, म्हणजे एकेका ऑपरेशनला योजनेने ठरवून दिलेले पैसे उशिरा येतात ही तर सगळ्यांचीच तक्रार. पण तुम्ही विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

कार्डाचं म्हणाल तर आईच्या नावावर तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त आहे. 1 जुलै 2024 पासून आपल्याकडे रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, पांढरं असलं तरी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने 70 च्या वरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आणलं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि घरात आधीच आयुष्मान असेल तर म्हाताऱ्या माणसाला वेगळे 5 लाख मिळतात जे बाकीच्यांच्यात वाटले जात नाहीत. आईचं काढलेलं कार्ड यातलं कुठलं ते एकदा बघून घ्या, वय वंदना नसेल तर आधार घेऊन काढून टाका.

कागद जुळवताना एक गोष्ट बायकांच्या बाबतीत हमखास होते. रेशनकार्डावर विठाबाई, आधारवर विठ्ठाबाई, एकीकडे वडिलांचं नाव एकीकडे नवऱ्याचं, आणि ॲडमिट व्हायच्या दिवशी काउंटरवर कळतं की नावच जुळत नाही. हे आधी दुरुस्त करा. दुसरं म्हणजे अंगठा. आयुष्यभर खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा मशीनला दिसत नाहीत, ती बिचारी चार चार वेळा पदराला बोट पुसते आणि मशीन लाल दिवा दाखवतं. अशा वेळी परत पाठवलं तर जायचं नाही, ओटीपीवर किंवा चेहरा स्कॅन करून होतं, फक्त ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. आणि एक्सरे नेताना उभं राहून काढलेला न्या, झोपवून काढलेल्या एक्सरेत गुडघ्यातली झीज नीट कळत नाही आणि परत काढायला लावतात. फिल्मवर नाव आणि तारीख छापलेली आहे ना ते तिथल्या तिथे बघून घ्या, मंजुरीसाठी तो एक्सरे ऑनलाइन चढवावा लागतो, बिननावाची फिल्म परत येते.

एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून पहिल्या चौकशीला आईलाच पाठवू नका म्हणजे झालं. पहिल्या खेपेला तुम्ही एकटे जा, फाइल घेऊन.

प्रश्न: ताई, आम्ही चिपळूणजवळचे. मिस्टर बाइकवरून पडले, पायाचं नडगीचं हाड मोडलं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये घेतलं, पण आता म्हणतात योजनेतली प्लेट साधी असते, चांगली इम्पोर्टेड हवी तर 40 हजार वर भरा. भरू का? तुटलेला पाय घेऊन भांडायची पण भीती वाटते.

उत्तर: भरू नका, आणि भांडूही नका, फक्त मागणी कागदावर मागा. पॅकेजमध्ये बेड, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण आणि हाडात बसवायची प्लेट, रॉड, स्क्रू सगळं धरलेलं असतं, उपचार कॅशलेस आहेत. तेव्हा शांतपणे म्हणा की सर, हे 40 हजार कशाचे ते लेटरहेडवर लिहून द्या, पावतीसुद्धा लागेल. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर आरोग्यमित्राला सांगा, मग 155388 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. आम्ही स्वखुशीने जादा पैसे देतोय असा छापील कागद पुढे केला तर सही करायची नाही, गडबडीत पंधरा सह्यांत ती एक घुसवतात, तेव्हा प्रत्येक कागद वाचा. वाचता येत नसेल तर भाच्याला पुतण्याला कुणाला तरी बोलवा.

साध्या प्लेटने हाड जुळत नाही ही भीती कुणी घातली असेल तर सर्जनलाच विचारा, या फ्रॅक्चरला दुसरी प्लेट लागतेच का आणि का. मधल्या माणसाला नाही, ऑपरेशन करणाऱ्याला.

रस्त्यावरचा अपघात असल्यामुळे एमएलसी, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवून केलेली अपघाताची नोंद, झाली का ते पण बघा, नसेल तर करून घ्या, मंजुरीला तो कागद मागतात. आणि मे 2025 पासून केंद्राची वेगळी सोय आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, त्याला रेशनकार्ड वगैरे काही लागत नाही. आरोग्यमित्राला तेही विचारा. आणि इमर्जन्सीत ॲडमिट करताना कार्ड घरी राहिलं म्हणून कुणी अडवत असेल तर तेही चूक, फोनवर मंजुरी घेता येते, कागद मागाहून देतात.

प्रश्न: मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला, पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापतात. खांदा निखळतो सारखा. जवळच्या प्रायव्हेट ऑर्थोकडे ऑपरेशन करून बिल ईएसआयसीला लावलं तर चालेल का?

उत्तर: नाही, अडकाल. आधी तुमची ईएसआयसीची डिस्पेन्सरी, तिथून चिठ्ठी घेऊन सातपूरच्याच ईएसआय हॉस्पिटलला हाडांची ओपीडी, आणि तिथे ऑपरेशन होत नसेल तर ते स्वतः रेफर लेटर देऊन टायअप, म्हणजे ईएसआयसीशी करार असलेल्या हॉस्पिटलला पाठवतात, तिथे मग तुम्हाला पैसे भरावे लागत नाहीत. हे लेटर ऑपरेशनच्या आधीच्या तारखेचं पाहिजे. टायअपची यादी हॉस्पिटलच्या रेफरल काउंटरला असते, तुमचे प्रायव्हेट सर त्यातल्या एखाद्या हॉस्पिटलला जात असतील तर तिथलंच लेटर मागून बघा. आणि ऑपरेशननंतर कामावर जाता येणार नाही त्या दिवसांचा सिकनेस बेनिफिट, म्हणजे आजारपणातला भत्ता मिळतो, त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, प्रायव्हेटच्या चिठ्ठीवर विसंबू नका.